मेढीपाशी ओतलेलं पाणी

डॉक्टर ताहिरांनी सोनाबाईच्या तोंडात आरसा घातला, तो आतून गालालाच चिकटला. दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला, लांब दांडीचा, रुपयाएवढा आरसा. चांगल्या ओल्या तोंडात तो कसा सरसर फिरतो. इथे मात्र हलकेच ओढून सोडवावा लागला. डॉक्टरांनी दुसऱ्या गालाला लावून पाहिला. तिथेही तेच.

“मावशी, भाकरी गिळता येते का?”

“पान्याच्या घोटासंगती जाते.”

“आणि रडू आलं तर डोळ्यांतून पाणी येतं?”

सोनाबाई हसली. हसताना ओठ चिरतो म्हणून तिने पदराचं टोक ओठावर धरलं होतं. “रडाया सवड कुनाला हाय, बाय?”

खुर्चीमागे तिचा मुलगा कुंदन उभा होता. वय चाळीस, बंदरात कारकून, नवीन पनवेलमध्ये दोन खोल्यांचा ब्लॉक आणि दारावर स्वतःच्या नावाची पितळी पाटी. आईला गव्हाणहून आपल्याकडे आणून त्याला वर्ष उलटलं होतं. गेल्या सहा महिन्यांत तिचे चार दात मुळापाशी किडून तुटले, तेव्हा कुठे हा तिला पनवेलच्या बाजारपेठेतल्या या दवाखान्यात घेऊन आला. तोवर ‘साठीनंतर दात जायचेच’ असं म्हणून त्याने तीनदा चालढकल केली होती. बायको विनिता मागेच लागली म्हणून, नाहीतर चौथ्यांदाही केली असती.

डॉक्टर कागदावर लिहीत होत्या. “तंबाखू?”

“मिशरी लावायची. नात झाली तवा सोडली.”

“दारू?”

डॉक्टर सगळ्यांना विचारतात तसंच त्यांनी विचारलं, मान वर न करता. सोनाबाईने मात्र मान वळवून मागे पाहिलं. 

“त्याला इचार,” ती म्हणाली.

कुंदनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “नाही,” तो म्हणाला.

“लग्नाकार्यात वगैरे? थोडीफार?”

“नाही, डॉक्टर. कधीच नाही. ओठाला लावलेली नाही तिने.”

डॉक्टरांनी ‘नाही’ असं लिहिलं आणि पुढचं विचारायला घेतलं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं का, सांधे सकाळी आखडतात का, थकवा येतो का. प्रत्येकाला सोनाबाई ‘हां’ म्हणत गेली. ऐकता ऐकता कुंदनला वाटलं, ही यादी आपल्या घरात वर्षभर फिरत होती आणि आपण ती एकदाही ऐकली नाही.

जिना उतरताना सोनाबाई मधल्या पायरीवर थांबली. तिचे गुडघे धरले होते. कुंदनने हात पुढे केला, तो तिने घेतला नाही, कठडा धरला.

“हितं बोललास,” ती म्हणाली. “तितं नाय बोललास.”

एवढंच. मग ती उरलेल्या पायऱ्या उतरली. कुंदनने रिक्षाला हाक मारली. रिक्षा समोरच उभी होती, एका हाकेत काम झालं असतं. त्याने तीन हाका मारल्या.

तितं म्हणजे गव्हाणला, दाजीकाकांच्या मांडवात, पावणेदोन वर्षांपूर्वी.

सोनाबाई धवलारीण होती. पनवेल-उरणकडच्या आगरी-कोळ्यांच्या लग्नात भटजी तासभर उशिरा आला तरी कोणाचं अडत नाही, पण धवलारीण आल्याशिवाय हळद जागची हलत नाही. मांडवाचा पहिला खांब, म्हणजे मेढ, रोवण्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं आपलं गाणं, म्हणजे धवला, असतो, आणि तो धवलारणीच्या तोंडातून आल्यावरच तो विधी झाला असं धरतात. कुठे लिहिलेलं काही नसतं. सोनाबाईने हे सगळं सासूच्या मांडीला मांडी लावून पाठ केलं होतं. नवरा काशिराम खाडीत होडी घालायचा, तो असतानाही आणि तो गेल्यावरही गव्हाणपासून चिरनेरपर्यंत तिला बोलावणं यायचं. शेजारी कायम हौसा बसायची. सोनाबाईने ओळ टाकायची, हौसाने ती उचलायची. तीस वर्षं असं चाललं.

पावणेदोन वर्षांपूर्वी दाजीकाकांच्या हितेशचं लग्न निघालं. दाजी म्हणजे काशिरामचा धाकटा भाऊ. कुंदनने त्या हळदीला आपल्या ऑफिसातले साहेब, त्यांच्या मिसेस आणि आणखी चौघे बोलावले होते. आधी आठ दिवस तो त्यांना सांगत होता, “आमच्या आईचा धवला ऐका एकदा. असलं काही तुम्हाला मुंबईत मिळायचं नाही.” पुढच्या रांगेत त्यांना खुर्च्या मांडून, त्या स्वतःच्या रुमालाने पुसून दिल्या होत्या. बढाई मारायची हौस, दुसरं काय.

दिवस मावळायच्या सुमारास सोनाबाईने सुरू केलं. पहिला धवला निभावला. दुसऱ्यात तिची जीभ टाळूला चिकटायला लागली. अक्षरं जाड पडत होती, ओळ अर्ध्यात तुटत होती. पदराखाली तिने एक हिरवी बाटली ठेवली होती, कुठल्याशा सोड्याची. दर ओळीला ती बाटली तोंडाला लावायची, झाकण बंद करायची, पुन्हा सूर धरायची. डोळे लालबुंद झाले होते. नवऱ्या मुलाला हळद लावायला उठली ती गुडघ्यात लचकली आणि हौसाच्या खांद्यावर गेली.

मागून कोणीतरी ओरडलं, “धवलारनीला आज जास्त झाली रं!”

हळदीचा मांडव तो, तिथे अर्ध्याअधिक लोकांना झालेलीच होती. सगळे हसले. साहेबांच्या मिसेसनी तोंडाला रुमाल लावला, तो हसू लपवायलाच. कुंदनने ते पाहिलं आणि तो उठला.

चार ढांगांत तो मेढीपाशी गेला आणि आईच्या हातातली बाटली त्याने हिसकावली. नाकाशी नेईपर्यंत तो खरोखर रागात होता. नाकाशी नेली आणि राग जागच्या जागी विझला. वास नव्हता. पाणी होतं. तळाला खडीसाखरेचा अर्धा खडा होता.

बोलायला वेळ होता. दोन श्वासांचा होता, पण होता. ‘अरे, पाणी आहे’ एवढंच म्हणायचं, की हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली असती. पण तसं म्हणायचं म्हणजे भर मांडवात आपण आईच्या हातातलं पाणी हिसकावलं, असं कबूल करायचं. साहेब बघत होते. मिसेस बघत होत्या. कुंदनने बाटली उलटी केली आणि मेढीच्या बुंध्याशी ओतून टाकली.

तिकडे मेढीच्या बुंध्याशी धार घालतात ती दारूची घालतात, पाण्याची कोणी घालत नाही. हे मांडवातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं आणि कुंदनलाही होतं. त्याने तोंडाने खोटं काही सांगितलं नाही. हातानेच सांगून टाकलं.

“बस झालं, आई. घरी चल.”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. उठली आणि निघाली. मागे डीजे सुरू झाला.

त्यानंतर सोनाबाईला बोलावणं आलं नाही. एकाही घरचं नाही. लग्नाचा मोसम आला, दारोदार मांडव पडले, दारावरून वाजंत्री गेली. हौसाच पुढे बसून धवला टाकू लागली. तो मोसम सरल्यावर कुंदन आईला नवीन पनवेलला घेऊन आला. आराम पडेल म्हणून, असं सांगितलं. खरं म्हणजे लग्नाच्या दिवसांत ती दारात बसलेली त्याला बघवत नव्हती. आणि यावर कडी अशी, की गावात त्याचं नाव झालं. “पोरगा असावा तर असा. पिनाऱ्या आयशीला संभालतो,” असं दाजीकाका चारचौघांत म्हणाले आणि कुंदनने ते खाली मान घालून ऐकून घेतलं. लोकांना तो विनय वाटला. जनाची नाही तर मनाची तरी असावी म्हणतात. मनाची होती त्याला, पुरेपूर होती. जनाचीच इतकी जास्त होती, की मनाची कुठे पुढे येऊ शकली नाही. विनितालाही त्याने कधी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर ताहिरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि मुंबईच्या एका सांधेवाल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. तिथे सोनाबाईच्या खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटं डोळे मिटून बसवलं. निरोगी डोळ्याच्या पाण्याने पट्टी बोटाच्या पेराएवढी तरी भिजते. हिची कडेला नखाएवढी भिजली. रक्ताचा रिपोर्ट धड इकडचा ना धड तिकडचा आला. मोठे डॉक्टर म्हणाले, “आता ओठच काय ते सांगेल. खालच्या ओठाच्या आत लाळेच्या बारीक ग्रंथी असतात, त्यातल्या चारपाच काढून तपासू. पनवेललाच करून घ्या, तुमच्या डॉक्टर तोंडाच्या सर्जन आहेत.”

तर पुन्हा तोच दवाखाना. नोव्हेंबरातली सकाळ होती. डॉक्टर ताहिरांनी खुर्ची जवळ ओढली आणि सोनाबाईचा हात हातात घेतला.

“मावशी, फिक्र करू नका. सुई टोचेन तेवढंच दुखेल. मग आतून छोटासा छेद, दोनतीन टाके. वीस मिनिटांचं काम. एक गोष्ट मात्र आधी सांगायला हवी. कधीकधी ओठाचा थोडा भाग बधिर राहतो. काही महिने. अगदी एखाद्याला कायमचा.”

“बोलाया येल?”

“बोलता येईल.”

“गाया?”

डॉक्टरांनी वर पाहिलं. “तुम्ही गाता?”

“गायची. धवला.”

“मग सोडलं का?”

कुंदन भिंतीवरचं दातांचं चित्र बघायला लागला. त्यात बत्तीसच दात होते, पण त्याने ते दोनदा मोजले. आता आई सांगणार. सांगू दे. एकदाचं कोणीतरी सांगू दे.

“तोंड सुकाया लागलं म्हनून,” सोनाबाई म्हणाली. “काप तू, बाय. या ओठाला आता काम नाय.”

बोलली असती तर बरं झालं असतं. तिने पुन्हा एकदा त्याला झाकलं, आणि त्याने पुन्हा एकदा झाकून घेतलं. संमतीच्या कागदावर तिने सही केली, त्याखाली नातेवाईक म्हणून त्याने केली. पेन त्याच्या घामाने निसटत होतं.

“तुम्ही इथेच थांबा,” डॉक्टर त्याला म्हणाल्या. “मुलगा जवळ असला की बरं वाटतं.”

त्यांनी खालचा ओठ उलटा केला, चिमट्यात धरला, सुई दिली. सोनाबाईने हूं की चूं केलं नाही. पातं फिरलं तेव्हा तिचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला, एवढंच. कुंदनला तो हात धरायचा होता. धरायचा हक्क आपल्याला आहे का, हे ठरवण्यात वेळ गेला आणि टाके घालायची वेळ आली.

कापसाच्या तुकड्यावर पाच बारीक दाणे होते. पिवळट, ओलसर. डॉक्टरांनी ते आईला दाखवले. “या बघा तुमच्या ग्रंथी.”

“गाबोली,” सोनाबाई म्हणाली, आणि तिला हसू आलं. माशाच्या पोटातली गाबोळी, तिचे सुटे दाणे, तसेच दिसत होते ते खरे. पण ओठ बधिर होता, त्यामुळे शब्द जाड आणि लडबडत आला. कुंदन दचकला. हाच आवाज. त्या दिवशी मांडवात हाच आवाज होता. एका सुईने कोणाच्याही तोंडातून काढता येतो तो आवाज.

नर्सने ते दाणे औषधाच्या छोट्या बाटलीत टाकले आणि बाटली कुंदनच्या हातात दिली. “लॅबमध्ये तुम्हीच नेऊन द्या. आणि झाकण उघडू नका हां, वास झोंबतो.”

हातात बाटली घेऊन कुंदन रस्त्याने चालला. खिशात घातली असती तर मावली असती. नाही घातली.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. मोठ्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, शोग्रेन. घरी येता येता कुंदन डॉक्टर ताहिरांकडे गेला, कारण मुंबईत त्याला निम्मंच कळलं होतं. त्या म्हणाल्या, “कसं आहे, शरीरात पहारेकरी असतात, बाहेरच्या जंतूंना मारायला. या आजारात ते घरच्यांनाच चोर समजतात. लाळेच्या ग्रंथी, अश्रूंच्या ग्रंथी, सगळ्यांवर हल्ला करतात. हे काही काल-परवाचं नाही. दोन-तीन वर्षं तरी चाललंय. मावशींना किती त्रास झाला असेल, आणि कोणाला खरं वाटलं नसेल. असे पेशंट लोकांना ढोंगी वाटतात. बरं, पूर्ण बरा होत नाही हा आजार, पण गोळ्या आहेत, डोळ्यांत घालायचे थेंब आहेत. पाणी मात्र सतत जवळ हवं. घोट घोट.”

“हो,” कुंदन म्हणाला. “बाटली असतेच तिच्याजवळ.”

त्या संध्याकाळी त्याने रिपोर्टच्या पाच झेरॉक्स काढल्या. कशाला, ते विनिताने विचारलं तेव्हा म्हणाला, गावात दाखवायला. आणि खरंच त्याचा जीव हलका झाला होता. आता कागद बोलेल. आईला आजार होता, तोंड सुकत होतं, बाटलीत पाणीच असणार, हे सगळं कागदावरून आपोआप सिद्ध होतं. आईचं नाव धुऊन निघेल. आणि बाटलीचा वास कोणी घेतला होता का, हा प्रश्न कागदावर कुठे येतच नव्हता. ‘आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं’ हे वाक्य त्याने आंघोळ करताना दोनदा म्हणून पाहिलं. चांगलं वाटत होतं ऐकायला.

डिसेंबरात दाजीकाकांच्या मुलीचं, किशोरीचं लग्न होतं. मांडवाच्या दिवशी सकाळी कुंदन आईला, विनिताला आणि मुलीला घेऊन गव्हाणला गेला. खांद्याला लावलेल्या पिशवीत झेरॉक्स आणि पाण्याची बाटली. सोनाबाई यायला तयार नव्हती. विनिताने तिच्या डोळ्यांत थेंब घातले, नवं लुगडं नेसवलं आणि म्हणाली, “किशोरीला आशीर्वाद द्यायला तरी चला, आई.” म्हणून आली.

त्याच दारात, त्याच जागी मेढ रोवलेली होती. बायका हळद कुटायला बसल्या होत्या, आणि हौसा चटईवर बसून धवला टाकत होती. सोनाबाई मांडवात शिरली नाही. ओटीच्या कडेला, चपला काढतात तिथे टेकली. शस्त्रक्रियेला महिना झाला होता, ओठाचा डावा कोपरा अजून सुन्न होता. ती ऐकत होती. हौसाने एका ठिकाणी दोन ओळींची अदलाबदल केली तेव्हा तिचं बोट गुडघ्यावर थबकलं.

कुंदनने दाजीकाकांना बाजूला घेतलं, तरी आवाज जरा मोठाच ठेवला. चारजणांनी ऐकावं हाच तर हेतू होता. झेरॉक्स काढल्या, आजाराचं नाव सांगितलं, ओठातून दाणे काढल्याचं सांगितलं. उखळातली मुसळं थांबली. बायका जवळ सरकल्या.

“म्हंजे तवा ते...” दाजीकाका म्हणाले.

“आजार होता, काका. तोंडाला पाणीच सुटत नाही तिच्या. जीभ चिकटते.”

“आये गे. आन् आमी काय काय बोललो.” दाजीकाकांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी कुंदनच्या खांद्यावर थोपटलं. “तुजी काय चूक नाय, पोरा. तुला तरी कसा कललं असतं?”

हेच ते. हेच ऐकायला तो आला होता. ‘आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं’ हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं.

“पन मंग ती सोता कशाला बोलली, मी घेतली होती म्हनून?”

हौसा बोलली होती. ती चटईवरून उठून आली होती आणि कुंदनकडे नाही, ओटीच्या कडेला बसलेल्या सोनाबाईकडे बघत होती.

“कोण बोललं?” कुंदनने विचारलं.

“तुजी आय. हलदीच्या दुसऱ्या दिशी सकालीच मी तिच्या दारात गेली. बोलली, सोनाबाय, मी तीस वरसं तुज्या खांद्याला खांदा लावून बसलीय, मना वास आला नसता? पानीच होतं त्याच्यान. मी घरोघर जाऊन सांगते. तर ही बोलली, नको सांगू. घेतली होती मी थोडी.” हौसाचा आवाज चिरकला. “मी बोलली, खोटं बोलतेस तू. तर बोलली, मंग माजा पोर खोटा हाय का?”

 सोनाबाईने पदर ओठावर ओढून घेतला.

म्हणजे नुसतं त्याने नाव घालवलं नव्हतं. त्याचं खोटं उघडं पडू नये म्हणून तिने स्वतःच्या तोंडाने दारुडी व्हायचं पत्करलं होतं. दोन मोसम बोलावणं नाही, तरी तिने ते तसंच राहू दिलं होतं. आणि आता हातातल्या पाच कागदांचा काही उपयोग नव्हता. तोंड सुकत होतं हे कागद सांगत होता. पण ती प्यायली नव्हती हे सांगणारा एकच माणूस होता, आणि तो झेरॉक्स काढत बसला होता. कुंदनला वाटलं, इथून वळावं, नाक्यापर्यंत चालत जावं, मिळेल ती बस पकडावी. लाज अशी चढत होती की कानात आवाज यायला लागला. विनिता त्याच्याकडे बघत होती. मुलगी बघत होती.

“खोटाच हाय,” तो म्हणाला.

गावची बोली त्याने सोडली त्याला वीस वर्षं झाली होती. आता दुसरी कुठली तोंडात येईना.

“खोटाच हाय तो पोर, हौसामावशी. बाटलीत पानी होतं. मी वास घेतला होता. वास घेतला, मना समजलं, आन् मंग वतलं मी. मुद्दाम मेढीला वतलं. समजून उमजून.”

“अरं पन कशाला?” दाजीकाकांचा चेहरा बघवत नव्हता.

“साहेब बसलेले. मना लाज वाटली.”

“आयशीची?”

“आधी आयशीची. मंग माझी.”

एक म्हातारी बाजूला वळून थुंकली. कोणी समजूत घातली नाही, घालायची गरजही नव्हती. विनिताने मुलीचा हात धरून तिला आत नेलं. दाजीकाकांनी त्याच्या खांद्यावरचा हात कधी काढला ते त्याला कळलंही नाही.

कुंदनने आईकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते येणारच नव्हतं. त्यामुळे तिला बरं वाटलं की वाईट, का त्याची कीव आली, हे ओळखायला त्याच्याकडे काही साधनच उरलं नव्हतं.

हौसाने चटईवर जाऊन आपली जागा सोडली, हाताने ती जागा झटकली आणि ती शेजारी सरकून बसली. सोनाबाई कठड्याला धरून उठली. सावकाश मांडवात आली. मेढीजवळून जाताना तिने मेढीला पाय लागू नये म्हणून लुगडं आवरून पाऊल जपून टाकलं, चटईवर बसली, आणि पुढे बघतच म्हणाली, “हितं बस, कुंद्या. माज्या मागं.”

बायकांच्या त्या घोळक्यात पुरुषाने बसायची रीत नाही. तो बसला. साडेपाच फुटांचा कारकून, गुडघे छातीशी घेऊन, हळदीच्या परातीला लागून.

सोनाबाईने सूर धरला. आवाज पहिल्यासारखा नव्हता. बधिर ओठामुळे अक्षरं घसरत होती, दुसऱ्या ओळीला जीभ चिकटली आणि शब्द जाड झाला, अगदी त्या दिवसासारखाच. कोणी हसलं नाही. हौसाने ओळ उचलली आणि तेवढ्यात सोनाबाईने मान न वळवता हात मागे केला.

कुंदनने झाकण काढलं आणि बाटली तिच्या हातात दिली.

तिने ती लगेच तोंडाला लावली नाही. सगळ्या मांडवादेखत आधी नाकाशी नेली. चांगला लांब वास घेतला. मग मागे वळून त्याच्याकडे पाहिलं, “पानीच हाय,” असं म्हणाली, आणि एक घोट घेतला. दोनचार बायका हसल्या. कुंदनने मान खाली घातली.

त्या सकाळी ती सहा वेळा थांबली. सहाही वेळा तिने आधी वास घेतला.